लुतीच्या कुत्र्याला दगड मारून लूत जात नाही



या पानावर शेतकी खात्याने बेणे, लागण, पाणी, खोडवा यांविषयी लिहावे असा आजवरचा पायंडा आहे. या खेपेस आम्ही कुत्र्याविषयी लिहीत आहोत. पान उलटण्याआधी एवढे ध्यानात घ्यावे, की ज्या गोष्टीमुळे हे लिहिणे भाग पडले ती आपल्याच कार्यक्षेत्रात, ऊसतोडीच्या एका तळावर घडली आणि तीत आमचा स्वतःचा दोष आहे. तो आधी सांगून टाकतो.

गेल्या हंगामात, पौषाच्या थंडीत, एका गटातल्या तळावर बीडकडची टोळी उतरली होती. दहा-बारा कोप्या, बैलगाड्या, आणि गावाकडून टोळीबरोबर आलेली चार-पाच कुत्री. त्यांतल्या एका विटकरी कुत्रीला लूत लागलेली होती. कानाच्या कडा, कोपरे, पोट उघडे पडलेले. कातडी राखेसारखी, जाड, सुरकुतलेली. बसली की खाजवायची, उठली की खाजवायची. त्याच सुमारास कोप्यांतल्या लेकरांनाही खाज सुटली. ज्यांच्या रानात तळ होता त्या मालकांनी बजावले, "कुत्री हाकला, नाहीतर तळ हलवा."

मुकादमाने आम्हांला रस्त्यात गाठले. आम्ही मोटारसायकलवर, खिशात तोडणी प्रोग्रामची यादी, त्या दिवशी काट्यावर ऊस कमी पडलेला, डोके तापलेले. तो म्हणाला, "साहेब, वाळवीचं औषध हाय बाटलीत थोडं. कुत्रीला लावलं तर चालंल का?" आम्ही गाडी बंदसुद्धा केली नाही. म्हणालो, "लावा थोडं पाण्यात टाकून."

रात्री कुत्रीच्या तोंडाला लाळ सुटली, अंग थरथरू लागले, झटके आले आणि पहाटेच्या आत ती मेली. एवढ्यावर भागले असते तर कदाचित आम्ही हे विसरूनही गेलो असतो, खोटे कशाला बोला? पण टोळीतला सहा-सात वर्षांचा एक पोरगा थंडीचा त्या कुत्रीला कवटाळून निजायचा. त्या रात्रीही निजला. सकाळी त्याला उलट्या, घाम, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या. मुकादमाने शहाणपणा केला, औषधाची बाटली बरोबर घेऊन ग्रामीण रुग्णालय गाठले. डॉक्टरांनी लेबल वाचले, ॲट्रोपीनची इंजेक्शने दिली. दोन दिवसांनी पोरगा कोपीत परत आला. त्याच्या आईने आम्हांला काही म्हटले नाही. तिने म्हटले असते तर बरे झाले असते.

पुढची गोष्ट आणखी ऐकण्यासारखी आहे. कुत्री गेली, पण महिन्याभराने पाहतो तो लेकरांची खाज जशीच्या तशी. आरोग्य केंद्राच्या बाई तळावर आल्या. त्यांनी पोरांची बोटे फाकवून बेचक्या पाहिल्या, मनगटे पाहिली, कमरेचा करगोटा सरकवून पाहिला. खाज रात्री जास्त का, घरात सगळ्यांनाच का, एवढे दोन प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, "ही माणसाची खरूज आहे. कुत्र्याचा काही संबंध नाही." सगळ्या कोप्यांना एकाच दिवशी मलम दिले, कपडे-वाकळी गरम पाण्यात घालून उन्हात टाकायला लावल्या. काही आठवड्यांत खाज थांबली.

म्हणजे ज्या गुन्ह्यासाठी कुत्रीला शिक्षा झाली तो तिने केलाच नव्हता. आणि शिक्षा सांगणारे आम्ही, शेतीची पदविका घेतलेले, पशुवैद्यकातले ओ की ठो न कळणारे. उसाच्या औषधाचे प्रमाण आम्ही तोंडपाठ सांगतो म्हणून मुकादमाला वाटले, साहेबाला सगळेच कळते. आम्हांलाही तसेच वाटले असावे.

मे महिन्यात गाळप बंद झाल्यावर आम्ही बहिणीकडे बोर्ली पंचतनला गेलो होतो. रायगड जिल्ह्यातला श्रीवर्धन तालुका, दिवेआगरच्या जवळचे हे गाव. आपल्यासारखे सपाट रान तिथे नाही. घरामागे वाडी, वाडीत नारळ आणि सुपारी, पाटाचे पाणी, वर आभाळ दिसू नये अशी सावली. म्हणजे पूर्वी तशी होती. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने त्या पट्ट्यातल्या वाड्या आडव्या केल्या. नव्याने लावलेली सुपारी धरायला वर्षे लागतात, त्यामुळे दाजींच्या वाडीत अजून ऊन खाली उतरते. त्या उन्हात, पडवीच्या पायरीपाशी, एक लुतीचे कुत्रे पडलेले दिसले. आम्ही नजर फिरवली. तळावरची गोष्ट ताजी होती.

दाजी आम्हांला नारळ दाखवत होते. कोवळ्या फळाच्या देठाजवळ आधी पांढुरका त्रिकोणी डाग, मग तो तपकिरी होतो, फळ मोठे होताना साल तडकते, डिंक येतो, नारळ वेडावाकडा व लहान राहतो. "आमच्या नारळाचा कोळी," ते म्हणाले. हा कोळी भारतात १९९८ साली केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्यात प्रथम नोंदला गेला आणि पुढे किनाऱ्या-किनाऱ्याने कोकणात पसरला. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. फळाच्या टोपीखाली दडून रस शोषतो. आपल्या उसाच्या पानाखालीही कोळी येतो, तो सभासदांनी पाहिलेला आहे. पान लालसर पडते, भिंगातून पाहिले की बारीक जाळीत ठिपके हलताना दिसतात.

तेवढ्यात शेजारची गाय तपासायला तालुक्याहून पशुवैद्यक डॉक्टर आले. बहिणीने त्यांना कुत्र्याकडेही बघायला सांगितले. त्यांनी आधी एक गंमत केली. कुत्र्याच्या कानाची कड दोन बोटांत धरून हलकेच चोळली. कुत्रे बसल्या जागी मागचा पाय हवेत खाजवू लागले! "असं केलं की बऱ्याचदा समजावं, ही खाजरी लूत," डॉक्टर म्हणाले. मग कोपराजवळची कातडी ब्लेडच्या बोथट बाजूने, किंचित रक्त दिसेपर्यंत खरवडली, काचपट्टीवर तेलाच्या थेंबात घेतली. संध्याकाळी त्यांनी आम्हांला दवाखान्यात बोलावून सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. गोल, कासवासारखा जीव, आखूड पाय, संथपणे वळवळत होता. आम्ही म्हणालो, "हा तर कोळीच!"

"कोळीच आहे," ते म्हणाले. "तुमच्या उसाचा वेगळा, वाडीतल्या नारळाचा वेगळा, कुत्र्याचा वेगळा. भावकी एक." फरक इतकाच की नारळावरच्याला चारच पाय असतात, बाकीच्यांना आठ. कीटकाला सहा पाय असतात, त्यामुळे कोळी हा कीटक नव्हे. ही गोष्ट आम्ही चर्चासत्रांत सभासदांना वीस वर्षे सांगत आलो आहोत. कीटकाचे औषध कोळ्याला चालतेच असे नाही, उलट कित्येकदा कीटकनाशकाने कोळ्याचे शत्रू मरतात आणि कोळी वाढतो, हेही सांगत आलो आहोत. आणि तरी आम्ही त्या कुत्रीला वाळवीचे औषध लावायला सांगितले. डॉक्टरांपुढे आम्ही हे कबूल केले. ते काही बोलले नाहीत, दुसरी काचपट्टी लावली.

लूत म्हणून आपण जिला ओळखतो त्या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी समजावून दिले. पहिली सार्कोप्टिस नावाच्या कोळ्याची. याची मादी कातडीच्या वरच्या थरात बोगदा पाडते आणि त्यात रोज दोन-तीन अंडी घालते. तीन-चार दिवसांत अंडी फुटतात, दोन-तीन आठवड्यांत पिल्लाचे पुन्हा अंडी घालणारे कोळी होतात. खाज भयंकर. कुत्र्याला झोप नाही, अन्न लागत नाही, खाजवून जखमा, जखमांत पू, आणि शेवटी हाडांचा सापळा. ही लूत एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे अंगाला अंग लागून जाते. कुत्र्याच्या अंगावरून पडलेला कोळी पोत्यावर, वाकळेवर काही दिवस जगतो आणि ओल व गारवा असेल तर अधिक तग धरतो.

दुसरी डेमोडेक्सची. हा कोळी लांबट, अळीसारखा, केसाच्या मुळात राहतो. जवळजवळ प्रत्येक कुत्र्याच्या अंगावर थोड्या संख्येने तो असतोच. पिल्लू आईला पिते त्या पहिल्या दिवसांतच तो आईकडून येतो. अंगात ताकद असेपर्यंत काही त्रास नाही. उपासमार, दुसरे दुखणे किंवा जन्मजात कमकुवतपणा असला की तो माजतो, डोळ्यांभोवती, तोंडाशी, पुढच्या पायांवर केस जातात. खाज सुरुवातीला फारशी नसते. पिल्लांच्या अंगावरचे एखाद-दुसरे चट्टे बरेचदा आपोआप भरून येतात. ही लूत मोठ्या कुत्र्यांत एकमेकांना लागत नाही, माणसाला तर नाहीच. आता सभासदांनीच सांगावे, ज्या पिल्लाला ही दुसरी लूत आहे त्याला आपण पोत्यात घालून ओढ्यापलीकडे सोडून येतो, ते कशासाठी?

शिवाय केस गेले म्हणजे लूतच असेही नाही. पिसवा, गोचीड, गजकर्ण यांनीही केस जातात. खरवडून पाहिल्याशिवाय खात्रीने सांगता येत नाही. आणि गंमत अशी की सार्कोप्टिसचा कोळी अंगावर असूनही खरवडीत पुष्कळदा सापडत नाही, कारण थोडे कोळीही मोठी खाज उठवतात. म्हणून डॉक्टर लक्षणे पाहून औषध सुरू करतात आणि गुण येतो का ते बघतात. हे काम अनुभवाचे आहे. रस्त्यात मोटारसायकलवरून करण्याचे नाही.

माणसाचा प्रश्न सभासदांना जास्त जवळचा, म्हणून तो नीट सांगतो. सार्कोप्टिसच्या लुतीचे कुत्रे कुशीत घेतले तर त्याचा कोळी माणसाच्या अंगावर येतो, कातडीत शिरतो आणि हातांवर, पोटावर, जिथे कुत्रे टेकले तिथे लाल पुटकुळ्या उठून खाज सुटते. हे खरे आहे. पण माणसाच्या कातडीत त्याची वीण चालत नाही. कुत्र्यावर उपचार केला की माणसाची ही खाज काही आठवड्यांत आपोआप विरते. माणसाची जी खरूज, तिचा कोळी त्याच कुळीतला पण माणसावरच वाढणारा, आणि तो माणसाकडून माणसाकडे जातो. को ८६०३२ आणि फुले २६५ दोन्ही ऊसच, पण एकाचे बेणे लावून दुसरे उगवत नाही, तसेच हे. एका कोपीत सात-आठ माणसे दाटीवाटीने निजतात, पाणी लांबून आणावे लागते, तिथे खरूज पसरली तर तिला कुत्रे जबाबदार नाही. दाटी जबाबदार आहे, आणि ती दाटी कुणाच्या सोयीसाठी आहे हे आपल्याला माहीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली खरुजेचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत केला. दुर्लक्षित हा शब्द त्यांनी बरोबर निवडला आहे. कुत्र्यावर खापर फोडले की औषधाला महिनाभर उशीर होतो. आपल्या तळावर तेच झाले.

या कोळ्याचा शोध काही आजचा नाही. १६८७ साली इटलीत बोनोमो व चेस्तोनी या दोघांनी खरुजेच्या फोडातून हा जीव बाहेर काढून भिंगाखाली पाहिला, त्याचे चित्र काढले आणि खाज याच्यामुळे होते असे लिहून ठेवले. रोगाचे कारण डोळ्यांनी दाखवून दिल्याचे ते अगदी पहिल्यांपैकी उदाहरण. म्हणजे शिवछत्रपतींच्या निधनाला सात वर्षे झाली होती तेव्हापासून हे कारण ठाऊक आहे, आणि आपण अजून लूत म्हणजे घाणीचा, पापाचा किंवा उष्णतेचा रोग समजतो.

आता उपायांकडे वळू. जुनी माणसे गंधक आणि करंजाचे तेल लावत. कोकणात ओढ्याकाठी, खाडीकाठी करंज भरपूर, दाजींच्या आईकडे तेलाची बाटली होतीच. डॉक्टर म्हणाले, यात तथ्य आहे, गंधकाने कोळी मरतो. द्राक्षबागायतदार कोळ्यावर गंधक मारतात ते याच गुणासाठी. पण अंगभर लूत पसरल्यावर नुसत्या लेपाने भागत नाही.

जळके ऑइल मात्र कधीही लावू नये. हा उपाय आपल्याकडे घरोघर चालतो. ट्रॅक्टरचे ऑइल बदलले की डबा कुत्र्यासाठी बाजूला ठेवतात. त्यात धातूंचे अंश असतात, कातडी भाजते, आणि कुत्रे अंग चाटते तेव्हा ते सगळे पोटात जाते. रॉकेल, तंबाखूचे पाणी, फिनेल यांचीही तीच गत. पूर्वी बीएचसी पावडर सर्रास चोळत. ती १९९७ साली आपल्या देशात बंद झाली आणि ते योग्यच झाले. पण बाटलीत उरलेले पिकाचे औषध कुत्र्याला, म्हशीला, पोरांच्या डोक्यातल्या उवांना लावण्याची सवय बंद झालेली नाही. आमच्या तोंडून गेलेला सल्ला हा त्याच सवयीचा भाग होता.

खरा गुण येतो तो आयव्हरमेक्टिनसारख्या औषधाने. शेतकऱ्याला आवडावी अशी याची जन्मकथा आहे. जपानमध्ये कावाना येथील एका गोल्फ मैदानाजवळच्या मातीत सातोशी ओमुरा यांना एक जिवाणू सापडला, विल्यम कॅम्पबेल यांनी त्यातल्या द्रव्याचा जंतांवरचा व परजीवींवरचा परिणाम दाखवला, १९८१ मध्ये ते जनावरांसाठी बाजारात आले आणि २०१५ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. मूठभर मातीत काय असते पाहा! आपण त्याच मातीत पाचट जाळतो, पण तो विषय वेगळा.

असो. या औषधाची एक अडचण आहे. गाई-म्हशींसाठी जे इंजेक्शन मिळते ते कुत्र्याच्या मानाने फार तीव्र असते. पंधरा किलोच्या कुत्र्याला ते अर्धा मिलीलिटरसुद्धा लागत नाही. अंदाजाने सिरिंज भरली तर कुत्रे आंधळे होते, बेशुद्ध पडते, मरते. कॉली जातीच्या व तत्सम कुत्र्यांना तर थोडेही सोसत नाही. लहान पिल्लांनाही नाही. अलीकडे फ्लुरालेनर, अफोक्सोलेनर अशी नावे असलेल्या गोळ्या निघाल्या आहेत. त्यांनी दोन्ही प्रकारची लूत हटते, परंतु किंमत पाहून सामान्य माणूस दचकतो. अमिट्राझचे पाणी अंगाला लावण्याचा उपायही आहे. कोणते, किती, किती दिवसांनी, हे डॉक्टरांनीच ठरवावे. आम्ही येथे मुद्दाम प्रमाण देत नाही. आमच्याकडून एकदा प्रमाण देऊन झाले आहे.

उपचार एका दिवसाचा नसतो. चार-सहा आठवडे किंवा अधिक लागतात, आणि मधेच गुण दिसला म्हणून सोडून दिले तर लूत परत येते. आणि एकाच कुत्र्याला औषध देऊन चालत नाही, एकत्र राहणाऱ्या सगळ्या कुत्र्यांना एकदमच द्यावे लागते. सभासदांना २००२ साल आठवत असेल. सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा आला तेव्हा ज्याने त्याने आपापल्या बांधाच्या आत फवारणी केली आणि मावा बांध ओलांडून परत आला. काणीचे बेट काढताना आपण चाबकावर पोते घालून, मुळासकट उपटून जाळतो आणि त्या प्लॉटचा खोडवा ठेवत नाही. इतका काटेकोरपणा उसाला दाखवणारा माणूस कुत्र्याच्या बाबतीत मात्र दगड उचलतो. दगडाने कुत्रे पळते, आणि पळालेले कुत्रे दुसऱ्या वस्तीवर जाऊन तिथल्या कुत्र्यांत लूत वाटते. एवढ्या कष्टाने रोग पसरवण्याची रीत आम्हांला दुसरी माहीत नाही.

काही मंडळी म्हणतील, मारूनच टाका, विषय संपला. पहिले म्हणजे तो गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली जनावर मारणे वा जायबंदी करणे यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दुसरे, मोकळ्या झालेल्या जागी महिन्या-दोन महिन्यांत नवी कुत्री येतात, लस न टोचलेली, कुणाच्या ओळखीची नसलेली. मुंबईत इंग्रज सरकारने भटकी कुत्री मारण्याचा हुकूम काढला तेव्हा १८३२ मध्ये पारशी मंडळी रस्त्यावर उतरून दंगा झाला होता. त्याला दोन शतके होत आली. कुत्री मारण्याचा मार्ग तेव्हापासून चालू होता, मुंबईतली कुत्री संपली नाहीत.

लूत कुत्र्यापुरती राहते असेही नाही. हाच कोळी कोल्ह्या-लांडग्यांना लागतो. इंग्लंडातल्या ब्रिस्टल शहरात १९९४ साली ही लूत खोकडांत शिरली आणि दोन वर्षांत शंभरांतली पंचाण्णवहून अधिक खोकडे मेली. आपल्या उसात कोल्हे आहेत, उंदीर खाऊन ते आपलेच काम करतात. आणि बिबट्या? अकोले तालुक्यात विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. तिथल्या बिबट्याच्या अन्नात वजनाच्या हिशेबाने सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३९ टक्के, कुत्र्यांचा निघाला. लुतीने खंगलेले, पळता न येणारे कुत्रे कोपीच्या दाराशी पडलेले असणे म्हणजे काय, हे उसाच्या कडेला राहणाऱ्याला फोडून सांगायला नको. हा आमचा तर्क आहे, अभ्यास नव्हे.

आता मागणी मांडतो. हंगामाच्या सुरुवातीला आपण तळावर बैलांची तपासणी करतो, शिंगांना रंग देतो, खांद्याच्या जखमांना मलम देतो. त्याच दिवशी, त्याच डॉक्टरांकडून, टोळीबरोबर आलेल्या कुत्र्यांची तपासणी व्हावी. लूत असेल त्या तळावरील सर्व कुत्र्यांना उपचार, पुढच्या फेऱ्या गट ऑफिसने तारीख लावून करून घ्याव्यात. जोडीला रेबीजची लस टोचावी, कारण लूत बरी होते, पिसाळलेल्या कुत्र्याचा रोग सुरू झाल्यावर माणूस वाचत नाही. मनुष्यबळ कमी पडले तर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय १९८८ पासून आहे, तिथल्या विद्यार्थ्यांसाठी असे शिबिर म्हणजे चालती प्रयोगशाळा. त्यांना पत्र लिहायला काय हरकत आहे? आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्राच्या बाईंनी कोप्यांतल्या लेकरांचे हात पाहावेत. दोन्ही तपासण्या एका मांडवात झाल्या तर खाज कुणाची, कुठली, हा वादच उरणार नाही.

हा प्रस्ताव आम्ही शेतकी खात्याच्या बैठकीत ठेवला तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, "कुत्र्यावर कारखान्याचा पैसा? उद्या मांजरावर मागाल." बैठकीत हशा पिकला, आम्हीही हसलो. पण प्रश्न रास्त आहे, पैसा सभासदांचा आहे. आमचे उत्तर असे. सहा महिने उघड्या रानात झोपणाऱ्या बायका-पोरांना राखायला दार नाही, कुलूप नाही, दिवा नाही. रात्री बैल सोडायला कुणी आले, रानडुक्कर आले, साप निघाला, तर पहिल्यांदा ओरडते ते कुत्रे. कारखान्याने त्यांना दार दिलेले नाही. तोपर्यंत जे आहे ते तरी धड ठेवावे. शिवाय बागायतदार सभासदांची वस्तीवरची कुत्री याच तळावर वाढे खायला येणाऱ्या जनावरांमागे फिरतात. टोळीने लूत आणली असे आपण म्हणतो, पण गेल्या हंगामात आम्ही हिंडून पाहिले, टोळी यायच्या आधीच आपल्या वस्त्यांवर लुतीची कुत्री होती. कोण कुणाची घेऊन गेले, देव जाणे.

गेल्या पंधरवड्यात तोच मुकादम यंदाच्या कराराच्या कागदांसाठी ऑफिसात आला होता. पोरगा आता शाळेत जातो, बरा आहे, म्हणाला. सह्या झाल्या, उचलीचा हिशेब झाला. उठताना दाराशी थांबून त्याने विचारले, "साहेब, यंदा कुत्री आणायची का न्हाई?" आम्ही म्हणालो, आणा. फक्त किती आणि कुणाची ते पहिल्याच दिवशी गट ऑफिसात लिहून द्या. त्याने तिथेच खुर्ची ओढली आणि सांगायला सुरुवात केली. सात कुत्री झाली. पोराचे एक नवीन पिल्लू धरून आठ.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते